अणुविरोधी शांतता संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आणि मतभेदाचा ठराव

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोकणातील एका तालुक्यात अण्वस्त्रबंदी आणि शांतता या विषयांवर काम करणारी आपली संस्था आहे. ती १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असून सभासद सुमारे १२० आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेला तीस-चाळीस जण येतात, अहवाल आणि हिशेब वाचून मंजूर होतात आणि मग पाहुण्यांचे व्याख्यान होते. यंदा काही सभासदांनी संस्थेने अणुवीज प्रकल्पांनाही विरोध करावा असा ठराव मांडणार असल्याचे कळवले आहे. काही जुन्या सभासदांचे म्हणणे असे की आपण अण्वस्त्रांविरुद्ध एकत्र आलो, विजेचा विषय आणलात तर आम्ही राजीनामे देऊ. अशा वेळी सभा कशी घ्यावी, असे आपण विचारले आहे.

अशा संस्थांच्या सभांचे कामकाज मी आधी सचिव म्हणून आणि पुढे सल्लागार म्हणून बरीच वर्षे पाहिले आहे. त्या आधारावर माझे पहिले सांगणे हे की हा ठराव टाळू नका, तो आयत्या वेळच्या विषयांतही येऊ देऊ नका, आणि संस्थेचे उद्दिष्ट बदलणे व संस्थेची एखाद्या प्रश्नावरची भूमिका ठरवणे या दोन गोष्टी विषयपत्रिकेवरच वेगळ्या करा. आपल्या अडचणीचा बराचसा भाग या वेगळेपणातून सुटेल.

वार्षिक सभेकडे बहुतेक कार्यकर्ते धर्मादाय कार्यालयासाठी करायचे काम म्हणून पाहतात. मला ते कधीच पटलेले नाही. शांतता चळवळीजवळ पैसा नसतो, सत्ता नसते. तिच्याजवळ असते ती फक्त "आम्ही" म्हणण्याची ताकद. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देताना, वर्तमानपत्राला पत्रक पाठवताना किंवा बाधित गावाच्या सभेत उभे राहताना आपण "आम्ही" म्हणतो, तेव्हा ते कोणाच्या वतीने म्हणतो आणि तो अधिकार आपल्याला कोणी दिला, याचे उत्तर वर्षातून एकदा सभासदांकडूनच घ्यावे लागते. ज्या संस्थेत ते घेतले जात नाही, तिथे दोन-चार बोलक्या माणसांचे मत संस्थेचे मत म्हणून बाहेर जाते, आणि पहिला खरा मतभेद येताच कोणाचा शब्द खरा, हे ठरवायला जागाच उरत नाही.

ब्रिटनमधील सीएनडी, म्हणजे अण्वस्त्रमुक्तीची तेथील सर्वांत मोठी मोहीम, या बाबतीत नीट अभ्यासण्यासारखी आहे. १७ फेब्रुवारी १९५८ रोजी लंडनच्या सेंट्रल हॉल वेस्टमिन्स्टरमध्ये झालेल्या जाहीर सभेने ती सुरू झाली. बर्ट्रांड रसेल अध्यक्ष होते, कॅनन जॉन कॉलिन्स कार्याध्यक्षाच्या जागी होते आणि संघटनेचे रोजचे काम पेगी डफ पाहत. त्याच वर्षी ईस्टरला लंडन ते ऑल्डरमास्टन अशी पदयात्रा निघाली आणि जेराल्ड होल्टम यांनी तिच्यासाठी काढलेले चिन्ह पुढे जगभर शांततेचे चिन्ह झाले. संस्थापकांना हवा होता तो नामवंतांचा एक छोटा दबावगट, ज्यात सभासदत्वाची भानगड नसेल. प्रत्यक्षात गावोगावी स्थानिक गट उभे राहिले आणि धोरण ठरवण्यात आपल्यालाही वाटा हवा असे ते म्हणू लागले. त्यातून वार्षिक परिषदा आल्या. राष्ट्रीय पातळीवर रीतसर सभासदत्व सुरू व्हायला मात्र १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला.

या मधल्या काळात काय घडले ते महत्त्वाचे आहे. १९६० च्या शरद ऋतूत रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सविनय कायदेभंगासाठी "कमिटी ऑफ १००" उभी केली. कॉलिन्स आणि नेतृत्वातील इतरांना कायद्याच्या चौकटीतच राहायचे होते. रसेल यांनी सीएनडीचे अध्यक्षपद सोडले. मतभेद पद्धतीविषयीचा होता आणि दोन्ही बाजूंना सबळ कारणे होती. तरीही तो सभासदांपुढे प्रश्न म्हणून येऊन, चर्चा होऊन, मताला पडला असे झाले नाही. तो नेत्यांमध्ये वाढला आणि नेत्यांमध्येच फुटला. खालचे गट मात्र दोन्हींकडे काम करत राहिले, कारण बऱ्याच कार्यकर्त्यांना मोर्चा आणि धरणे यांत विरोध दिसत नव्हता. हाच प्रश्न वेळीच परिषदेत आला असता तर निकाल काय लागला असता हे कोणी सांगू शकत नाही, पण तो निकाल कार्यकर्त्यांचा असता.

पुढे तीच संघटना पुन्हा वाढली. १९७९ मध्ये तिचे राष्ट्रीय सभासद चार हजारांच्या थोडे वर होते. क्रूझ क्षेपणास्त्रांच्या प्रश्नावर जनमत पेटल्यावर १९८४ पर्यंत ते सुमारे एक लाख झाले. इतक्या वेगाने माणसे येतात तेव्हा ठराव, उपसूचना, निवडून आलेली समिती या रुक्ष वाटणाऱ्या व्यवस्थांनीच संघटना सांभाळली जाते. ख्रिस्ती गट, कामगार संघटनांचा गट, तरुणांचा गट, स्कॉटलंड आणि वेल्समधील स्वतंत्र शाखा हे सगळे एका नावाखाली राहू शकले, ते त्यांच्यात मतभेद नव्हते म्हणून नव्हे, तर मतभेद कुठे न्यायचे हे ठरलेले होते म्हणून.

जपानचे उदाहरण याहून वेदनादायक आहे. आपल्या सभासदांना ते सभेच्या आधी सविस्तर सांगावे अशी माझी सूचना आहे, कारण आपल्यासमोरचा प्रश्न आणि त्यांच्यासमोरचा प्रश्न यांची जात एकच आहे. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर अमेरिकेने केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख "लकी ड्रॅगन" या मासेमारी नौकेवर पडली. टोकियोच्या सुगिनामी भागातील गृहिणींनी सुरू केलेल्या सह्यांच्या मोहिमेला तीन कोटींहून अधिक सह्या मिळाल्या. त्या लाटेवर ऑगस्ट १९५५ मध्ये हिरोशिमात अणुबॉम्बविरोधी जागतिक परिषद भरली आणि सप्टेंबरमध्ये "गेन्सुइक्यो" ही राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. दरवर्षी ऑगस्टमध्ये परिषद भरायची हा तेव्हापासूनचा शिरस्ता.

१९६१ मध्ये सोव्हिएत संघाने अणुचाचण्या पुन्हा सुरू केल्या आणि परिषदेपुढे साधा दिसणारा प्रश्न आला: "कोणत्याही देशाच्या" अणुचाचणीला आमचा विरोध आहे, असे म्हणायचे की नाही? समाजवादी पक्षाशी जोडलेल्यांना ते म्हणायचे होते. कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेल्यांना अमेरिकी आणि सोव्हिएत चाचण्या एका मापाने मोजणे मान्य नव्हते. १९६२ च्या परिषदेच्या काळातच सोव्हिएत चाचणी झाली आणि त्या परिषदेला एकमुखी निवेदन काढता आले नाही. १९६३ मध्ये अंशतः चाचणीबंदी कराराचा वाद त्यात मिसळला आणि हिरोशिमाच्या परिषदेत संघटना उभी चिरली गेली. १९६५ मध्ये "गेन्सुइकिन" ही दुसरी संघटना रीतसर स्थापन झाली. बॉम्बने होरपळलेल्या माणसांच्या स्वतःच्या संघटनेलाही याची झळ बसली. १९५६ मध्ये स्थापन झालेली निहोन हिदान्क्यो राष्ट्रीय पातळीवर एक राहिली आणि तिला २०२४ चे शांततेचे नोबेल मिळाले, पण हिरोशिमा प्रांतात मात्र १९६४ पासून एकाच नावाच्या दोन संघटना आहेत.

या इतिहासाकडे पाहताना मला दोन चुका ठळक दिसतात. एक तर हजारो लोकांच्या जाहीर परिषदेवर, जिथे ठरलेले मतदार नव्हते आणि मतदानाची स्वच्छ रीत नव्हती, धोरणाचा सर्वांत अवघड प्रश्न टाकला गेला. दुसरे असे की निर्णय परिषदेच्या बाहेर, पक्षांच्या कार्यालयांत आधीच झालेले होते. परिषदेत फक्त बळ अजमावले गेले. १९७७ ते १९८५ या काळात दोन्ही संघटनांनी पुन्हा एकत्र परिषदा भरवल्या, पण ती जोडणी टिकली नाही.

आता आपल्या संस्थेकडे येतो. ठराव आला की त्याआधी संस्थेचे उद्देशपत्र काढा आणि त्यातली उद्दिष्टे शब्दशः वाचा. "अण्वस्त्रांचे उच्चाटन आणि शांततेचा प्रसार" एवढेच लिहिले असेल तर अणुवीज प्रकल्पाला विरोध हे संस्थेचे उद्दिष्ट नाही, आणि ते करायचे तर उद्दिष्टात बदल करावा लागेल. "अणुतंत्रज्ञानाच्या धोक्यांविषयी लोकशिक्षण" किंवा "किरणोत्सर्गाच्या परिणामांविषयी जागृती" असा मजकूर असेल, तर प्रकल्पाच्या प्रश्नावर भूमिका घेणे आजच्याच उद्दिष्टात बसते आणि त्यासाठी साध्या बहुमताचा ठराव पुरतो. बऱ्याच संस्थांच्या उद्देशपत्रात असे एखादे वाक्य असते आणि ते कोणाच्या लक्षात नसते.

उद्दिष्टच बदलायचे असेल, तर संस्था नोंदणी अधिनियमाचे कलम १२ समोर ठेवा. त्यासाठी कार्यकारी मंडळाने प्रस्ताव लेखी स्वरूपात मांडून प्रत्येक सभासदाला विशेष सभेच्या किमान दहा दिवस आधी पोचवावा किंवा टपालाने पाठवावा लागतो. त्या विशेष सभेत तीन-पंचमांश सभासदांची मते, समक्ष किंवा प्रतिनिधीमार्फत, प्रस्तावाच्या बाजूने पडावी लागतात. त्यानंतर एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन तेथे उपस्थित सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी तो कायम करावा लागतो. कलमाची भाषा सरळ वाचली तर पहिल्या सभेतील तीन-पंचमांश हे एकूण सभासदांचे आहेत. आपले सभासद १२० असतील तर ७२ मते हवीत. तीस-चाळीस उपस्थितांच्या वार्षिक सभेत, टाळ्यांच्या गजरात, हे होऊच शकत नाही. झाले असे इतिवृत्तात लिहिले तर पुढे कोणीही हरकत घेईल आणि ती टिकेल.

हा कडकपणा मला योग्य वाटतो. कोणत्या गोष्टीसाठी आपण सही करून सभासद झालो, तीच बदलायची असेल तर न आलेल्या माणसालाही विचारले पाहिजे. ७२ सभासदांपर्यंत पोचण्यासाठी आपल्याला वाडीवाडीत जावे लागेल, मुंबईत राहणाऱ्या सभासदांशी बोलावे लागेल, आणि ज्यांना हा बदल नको आहे त्यांच्याही घरी बसावे लागेल. संस्थेच्या नियमावलीत प्रतिनिधीमार्फत मतदानाची तरतूद कशी आहे, तेही आधीच पाहून ठेवा.

माझा सल्ला असा की यंदाच्या वार्षिक सभेत उद्दिष्टबदल आणू नका. भूमिकेचा ठराव आणा, आणि तो असा लिहा की दोन्ही बाजूंना त्याच्यावर खरोखर मत देता येईल. एका किनारी तालुक्यातील सभेत मी हे जवळून पाहिले आहे. मूळ ठराव एका ओळीचा होता: "ही सभा सर्व अणुप्रकल्पांचा तीव्र निषेध करते." सूचक बोलले, अनुमोदक बोलले, विरोधातले दोघे बोलले आणि आवाज चढू लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतली, मासळी विकणारी एक सभासद बाई उभी राहिली आणि म्हणाली, "निषेध केला, बरं. मग उद्या सकाळी आपण काय करायचं?" सभागृह शांत झाले, कारण त्या ठरावात याचे उत्तर नव्हते. अध्यक्षांनी पंधरा मिनिटे सभा थांबवली आणि दोन्ही बाजूंच्या चौघांना उपसूचना लिहायला बसवले. लिहून आली ती अशी: किनाऱ्यावरील प्रस्तावित प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी, जमीन संपादन आणि मासेमारीवरील परिणाम यांची कागदपत्रे संस्थेने दोन महिन्यांत जमवून सभासदांना मराठीत द्यावीत, बाधित गावांनी बोलावल्यास संस्थेच्या प्रतिनिधींनी तेथे जावे आणि तेथील लोकांच्या शांततामय आंदोलनाच्या हक्काला पाठिंबा द्यावा, प्रकल्पाविषयीची संस्थेची अंतिम भूमिका कागदपत्रे वाचून झाल्यावर विशेष सभेत ठरवावी.

अध्यक्षांनी आधी उपसूचना मताला टाकली. ती मंजूर झाल्यावर बदललेला ठराव पुन्हा मताला टाकला, कारण उपसूचनेच्या बाजूने मत देणाऱ्याला मूळ ठरावच नको असू शकतो. हा क्रम अनेक अध्यक्ष विसरतात. उपसूचना मंजूर होताच "ठराव संमत" म्हणून पुढे जातात आणि इतिवृत्त कायमचे वादग्रस्त होते. त्या सभेत दोन्ही मतदाने हात वर करून झाली आणि बाजूची, विरुद्धची व तटस्थ मते मोजून लिहिली गेली. राजीनाम्याची भाषा करणाऱ्यांपैकी काहींनी बदललेल्या ठरावाच्या बाजूने हात वर केला.

जैतापूरच्या अनुभवानंतर कोकणातील संस्थेला हा प्रश्न फार काळ बाजूला ठेवता येणार नाही, हेही मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. माडबन परिसरात प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांचा, म्हणजे ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प योजला गेला. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याला पर्यावरण मंजुरी मिळाली. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली आणि त्याच एप्रिलच्या १८ तारखेला साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका तरुण मच्छीमाराचा मृत्यू झाला. शांततेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या शेजारी असे घडल्यावर तिने गप्प राहणे हीसुद्धा एक भूमिकाच ठरते, आणि तीही सभासदांना न विचारता घेतलेली. भारतातील सीएनडीपी (कोअॅलिशन फॉर न्यूक्लिअर डिसआर्मामेंट अँड पीस) ही अण्वस्त्रविरोधी आघाडी पोखरण आणि चगाई येथील १९९८ च्या स्फोटांनंतर, नोव्हेंबर २००० मध्ये दिल्लीत स्थापन झाली. अलिबागला स्थायिक झालेले माजी नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास यांच्यासारखी माणसे तिच्यात होती, आणि पुढे ही आघाडी जैतापूर आणि तमिळनाडूतील कुडनकुलम अणुवीज प्रकल्प, या दोन्ही ठिकाणच्या लोकांच्या बाजूनेही उभी राहिली. जुन्या सभासदांना हा प्रवास सांगा. आणि नव्या सभासदांना हे सांगा की अण्वस्त्रांविरुद्ध ठाम असलेला पण विजेच्या प्रश्नावर वेगळे मत असलेला माणूस या चळवळीत परका नाही. अण्वस्त्रबंदी करार ७ जुलै २०१७ रोजी संयुक्त राष्ट्रांत मंजूर झाला आणि २२ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. तो घडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेतही अणुवीज हा सर्वांचा समान मुद्दा नव्हता आणि करारही फक्त शस्त्रांविषयीच आहे.

अध्यक्षस्थानाविषयी दोन शब्द. या विषयावर ज्यांचे मत सर्वश्रुत आहे अशा व्यक्तीने त्या ठरावापुरते अध्यक्षपद दुसऱ्याकडे द्यावे. संस्थेच्या घटनेत अध्यक्षांना निर्णायक मत असेल तर ते केव्हा वापरायचे हे सभेच्या सुरुवातीलाच जाहीर करावे. बोलण्याची वेळ सर्वांना सारखी द्यावी आणि नेहमीच्या वक्त्यांच्या आधी जे कधीच बोलत नाहीत त्यांना संधी द्यावी. स्त्रिया आणि मच्छीमार सभासद बहुधा शेवटी बोलतात, आणि तोपर्यंत अर्धे सभागृह एसटी गाठायला निघालेले असते.

सभेची तारीख ठरवताना बऱ्याच संस्था ६ ऑगस्टचा हिरोशिमा दिन धरतात. मी त्याच्या विरोधात आहे. तो दिवस स्मरणाचा आणि जाहीर कार्यक्रमाचा आहे. त्या दिवशी हिशेबावर प्रश्न विचारणेही लोकांना अवघड वाटते, मग मतभेद मांडणे दूरच राहिले. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि लेखापरीक्षण सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, पूर्ण व्हायला हवे. २६ सप्टेंबर हा संयुक्त राष्ट्रांनी अण्वस्त्रांच्या संपूर्ण उच्चाटनासाठी ठरवलेला दिवस आहे. तेव्हा लेखापरीक्षण सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आटोपून त्या दिवसाच्या मागच्या-पुढच्या रविवारी सभा घ्यावी, हे मला सर्वांत सोयीचे वाटते. मात्र त्या वर्षी गणपती केव्हा आहेत, भातकापणी केव्हा लागते आणि नौका कोणत्या दिवशी बंदरात असतात, हे सभासदांना विचारूनच दिवस ठरवा. सभा आणि जाहीर कार्यक्रम एकाच दिवशी घ्यायचे असतील तर सभा सकाळी, फक्त सभासदांची, बंद सभागृहात घ्या. संध्याकाळच्या फेरीसाठी पोलिसांकडे वेगळा अर्ज करा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा जमावबंदीचा आदेश जिल्ह्यात लागू आहे का, हेही आधी पाहा.

नोटिशीत "गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी सभा होईल व त्या सभेस गणपूर्तीची अट राहणार नाही" हे वाक्य जवळजवळ सर्वत्र असते. आपल्या नियमावलीत तशी तरतूद असेल तर ते वैध आहे, आणि अहवाल-हिशेबासाठी ठीकही आहे. वादाचा ठराव मात्र तहकूब सभेत घेऊ नये, असे कार्यकारी मंडळाने स्वतःवर बंधन घालून घ्यावे. पंचवीस जणांनी अर्ध्या तासानंतर केलेला ठराव कायद्यात बसला तरी उरलेल्या ९५ जणांच्या मनात बसत नाही.

सभासद नोंदवही नोटीस काढण्यापूर्वी तपासा. संस्था नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि त्याची गणतीही होत नाही. म्हणजे १२० पैकी ४० जणांची वर्गणी थकलेली असेल तर आपला खरा आकडा ८० आहे आणि तीन-पंचमांशाचे गणितही त्यावर बसते. थकबाकीची यादी आठ दिवस आधी सूचना फलकावर लावा आणि प्रत्येकाला फोन करून भरण्याची संधी द्या. सभेच्या दाराशी एखाद्याला "तुमची वर्गणी थकली आहे" म्हणून थांबवणे, आणि तोही नेमका दुसऱ्या बाजूचा निघणे, यासारखे विष दुसरे नाही. त्याचप्रमाणे सभेच्या आदल्या आठवड्यात घाऊक नवे सभासद नोंदवले जात असतील तर प्रवेशाचा नियम काय आहे आणि मताचा हक्क केव्हापासून मिळतो, हे घटनेतून वाचून दाखवा.

हिशेबाच्या विषयाला आपल्यासारख्या संस्थेत जास्त वेळ द्यायला हवा. अणुविरोधी चळवळीवर परदेशी पैशाचा आरोप नेहमीच होतो. २०१२ मध्ये कुडनकुलमच्या आंदोलनाविषयी तो खुद्द पंतप्रधानांनी केला होता. त्यामुळे ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक छापून प्रत्येकाच्या हातात द्या, आणि कोणाकडून किती देणगी आली याची यादी सभेत ठेवा. परदेशात राहणारा मराठी मित्र देणगी देऊ इच्छितो, तेव्हा त्याचे नागरिकत्व विचारणे हे कोषाध्यक्षाचे काम आहे. तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ती परकीय देणगी ठरत नाही. त्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय (मूळच्या भारतीय परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड असले तरी तो परकीय स्रोत ठरतो, आणि परकीय अंशदान अधिनियमाखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना त्याचे शंभर रुपयेही घेता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये इन्साफ (इंडियन सोशल अ‍ॅक्शन फोरम) या संस्थेच्या प्रकरणात असे म्हटले की लोकांच्या हक्कांसाठी बंद किंवा निदर्शने यांसारख्या मार्गांना पाठिंबा दिला, एवढ्यावरून, सक्रिय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेला राजकीय ठरवता येणार नाही. तो निकाल दिलासा देणारा आहे, पण ज्या संस्थेची नोंदणीच नाही तिला त्याने परदेशी पैसे घेण्याची मुभा मिळत नाही. छोट्या गटाने हा रस्ता धरूच नये, वर्गणी वाढवावी.

निवडणूक असेल तर ठरावाच्या आधी ठेवू नका. आधी भूमिका ठरू द्या, मग ती राबवायला कोण हवे ते लोक ठरवतील. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक पदासाठीचे मत हे ठरावावरचे मत बनते आणि चांगला कोषाध्यक्ष निव्वळ त्याच्या मतामुळे पडतो.

इतिवृत्त सभेच्या दुसऱ्या दिवशीच लिहायला घ्या. त्यात सूचक-अनुमोदकांची नावे, उपसूचनेचा मूळ मजकूर, तीनही प्रकारची मते, आणि ज्या सभासदांनी मागणी केली असेल त्यांचे विरोधी मत थोडक्यात, त्यांच्याच शब्दांत नोंदवा. ही शेवटची गोष्ट कायदा मागत नाही, पण राजीनाम्याच्या विचारात असलेल्या माणसाला त्याचा विरोध संस्थेच्या दफ्तरात कायम नोंदलेला दिसला की तो बहुधा थांबतो. पत्रक काढताना "संस्थेच्या वार्षिक सभेने बहुमताने ठरवले" असे लिहा. मते विभागली असताना "एकमताने" लिहू नका. आणि ठरावात जे नाही ते पत्रकात घालू नका, मग अध्यक्षांना ते कितीही पटलेले असो.

कार्यकारी मंडळाची यादी संस्था नोंदणी अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे वार्षिक सभेच्या दिवसापासून चौदा दिवसांत निबंधकांकडे गेली पाहिजे. पदाधिकारी बदलले असतील तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खालचा चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत सहायक धर्मादाय आयुक्तांकडे दाखल करा. त्याला नोटिशीची प्रत, ती सर्वांना पोचल्याचा पुरावा, हजेरीपटाची प्रत आणि ठरावाचा उतारा जोडावा लागतो. हजेरीपटावर सह्या सभा सुरू होण्याआधीच घ्या. नोटिशी टपालाने पाठवल्या असतील तर पावत्या एका पाकिटात जपून ठेवा, कारण हरकत आली तर पहिला प्रश्न नोटिशीविषयीच येतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेली सूचना आठवण म्हणून चांगली आहे, पण आपल्या नियमावलीत तशी तरतूद नसेल तर तिच्यावर विसंबू नका. उद्दिष्टबदलाच्या विशेष सभेचा निर्णय यंदा झालाच, तर तिची आणि तिच्यानंतर महिन्याने घ्यायच्या दुसऱ्या सभेची तारीख एकाच नोटिशीत कळवू नका; पहिल्या सभेचा निकाल लागल्यावर दुसरीची नोटीस स्वतंत्रपणे काढा.